सोमेश्वरचं दुसरं जावळ

या, अशा पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलेल्या माणसाला कथा कळत नाही, नुसती झोप कळते. सतरंजी ऐसपैस आहे, चपला कोणी नेत नाही आणि बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर तुम्हाला एका डोक्याची गोष्ट सांगतो. अकलेची नव्हे, ते काम बुवांचं. ही नुसती वरच्या भागाची. भोरच्या सोमेश्वरचे केस मागं हटू लागले, त्यांना अडवायला तो पुढं सरसावला आणि त्या ओढाताणीत त्याचे वडील रायबा एका दुपारपुरते वारले. घाबरू नका. ऐकत राहा.

सोमेश्वर वेल्ह्याला एका सरकारी कचेरीत कारकून. कुठल्या कचेरीत ते विचारू नका, बिचाऱ्याची अजून बरीच नोकरी शिल्लक आहे. रोज भोरहून मोटरसायकलवर जायचं, संध्याकाळी परत यायचं. पोरगा निर्व्यसनी, आवाज गोड, अक्षर असं की सातबारासुद्धा वाचावासा वाटावा. पण कपाळ! लहानपणी ते बेताचंच होतं. नोकरी लागली तसं ते वर चढायला लागलं. दोन्ही कानशिलांवरून दोन वाटा डोंगरात शिरल्या आणि मधे केसांचा एक पुंजका उरला, तोरण्याच्या माचीसारखा पुढं आलेला, दोन्ही बाजूंना दरी. तिशी अजून लागायची होती हो! आरसा दिसला की तो मान खाली घालायचा, आणि मान खाली घातली की आरशात नेमकं तेच दिसायचं.

आता माणसाला ताप आला तर लोक विचारतात, डॉक्टरला दाखवलं का? केस गेले तर कोणी विचारत नाही, जो तो डॉक्टरच होतो. शेजारच्या भागूबाईंनी कांद्याचा रस सांगितला. सोमेश्वरनं तो आठवडाभर लावला. कचेरीत त्याच्या टेबलासमोर आलेल्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि अव्वल कारकुनांना वाटायचं, हा पोरगा लोकांना काय बोलतो कोण जाणे. मग कोणी तरी सांगितलं, नखावर नख घासत जा. तर एका शेतकऱ्यानं त्याचं ते बोटं घासणं पाहिलं, भलताच अर्थ घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हळूच पेरूची पिशवी टेबलाखाली सरकवली. सोमेश्वर संतापून पिशवी घेऊन त्याच्या मागं बाजारभर पळाला. मागं पळताना केस उडाले आणि जे झाकलेलं होतं तेही बाजारानं पाहिलं.

शेवटी त्यानं टोपी घातली. साधी, पांढरी, कीर्तनाला घालतात तशी. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

नुसती टोपी घालून माणूस फिरत नाही, तिला कारण लागतं. मग सोमेश्वर आळीच्या देवळात भजनाला बसायला लागला. टोपीसाठी देऊळ, देवळासाठी टाळ. त्याच दिवसांत भोंगवलीचे सर्जेराव सप्त्याच्या कीर्तनाला भोरला आले होते. पोरगी लग्नाची, गायत्री नाव, कामथडीच्या शाळेत शिक्षिका. सर्जेराव कीर्तनाचे इतके वेडे की घरी बैल हरवला तरी उत्तररंग संपल्याशिवाय उठायचे नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेत टोपी घातलेला, डोळे मिटलेला जवान पोरगा पाहिला. डोळे का मिटले होते, तर समोरच्या पंख्याच्या वाऱ्यानं टोपी उडते की काय या भीतीनं. सर्जेरावांना वाटलं, समाधी.

"आजकालच्या पोरांत असं पोरगं?" ते शेजारच्याला म्हणाले. "सरकारी नोकरी, आनि डोक्यावर टोपी! चौकशी करा."

चौकशी झाली, बघणं झालं, टोपी डोक्यावरच होती. गायत्रीनं एकच प्रश्न विचारला, "तुम्ही रोज घालता?" सोमेश्वर म्हणाला, "रोज." ते खोटं नव्हतं. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटली, फेटे बांधले गेले. सोमेश्वरनं फेटा टोपीवरच बांधून घेतला. बांधणारा म्हणाला, "टोपी काढा की." सर्जेरावच मधे पडले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. व्रत असंल त्यांचं." आणि दोन्ही हात जोडून त्यांनी होणाऱ्या जावयाच्या डोक्याला नमस्कार केला.

तो नमस्कार सोमेश्वरच्या पोटात जाऊन बसला. तिथून त्याला झोप नाही. लग्न वैशाखात. लग्नानंतर टोपी घालून कोण झोपतं? आणि मधल्या काळात गायत्री भेटू या म्हणायची. भेटायला अडचण काहीच नव्हती, वेल्ह्याच्या वाटेपासून कामथडी थोडीच लांब. शाळा सुटायच्या वेळी तो फाटकाशी थांबायचा. पण मोटरसायकलवर टोपी टिकत नाही, म्हणून हेल्मेट. गाडी उभी, इंजिन बंद, आणि हा हेल्मेट घालून बोलतोय.

"काढा की ते. मला तुमचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही," गायत्री म्हणायची.

"नियम कडक झालेत," आतून आवाज यायचा.

मेडिकलचं दुकान चालवणारा प्रशिक त्याचा शाळेपासूनचा मित्र. एके दिवशी सोमेश्वरनं दुकानात येऊन टोपी काढली आणि काउंटरवर ठेवली, जसा एखादा माणूस पिस्तूल ठेवतो.

"प्रशिक, पुण्यात केस लावतात म्हणे. डोक्यात."

"लावतात. पण तुला काय गरज? सांग तिला सरळ."

"तिच्या बापानं टोपीला नमस्कार केलाय रे! आता मी काय सांगू, तुम्ही टकलाच्या पाया पडलात?"

प्रशिकनं दुकानाचं शटर ओढलं आणि तो त्याच्याबरोबर पुण्याला गेला. मैत्रीत असंच असतं.

डॉक्टर शेफाली समजूतदार बाई होत्या. त्यांनी भिंगातून डोकं तपासलं आणि म्हणाल्या, "वय कमी आहे. केस अजून किती मागं जातील ते आज सांगता येत नाही. आत्ता पुढची ओळ लावली आणि मागचे गळत राहिले, तर पुढं हिरवळ, मधे माळ आणि मागं रान, असं दिसेल. औषध देते. वर्षभर थांबून बघू."

"वैशाखात लग्न आहे, मॅडम."

"मग तर मुळीच नको. मागचे केस काढून पुढं लावायचे, त्यासाठी डोकं बारीक करावं लागतं. दहा दिवस जपायचं. नंतर लावलेले केसही एकदा गळतात, मग महिन्यांनी हळूहळू येतात. पूर्ण रूप यायला वर्ष जातं. लग्नात तुम्ही आत्तापेक्षा बरे दिसाल असं मी लिहून देणार नाही."

सोमेश्वरनं त्यातलं एवढंच ऐकलं, की केस येतात. बाहेर काउंटरवरच्या मुलीला तो म्हणाला, "पुढच्या महिन्यातली तारीख धरून ठेवा, कळवतो." प्रशिकनं कपाळावर हात मारला. त्याच्या कपाळावर मारायला जागा बेताचीच होती, याचंही सोमेश्वरला वाईट वाटलं.

तारीख धरली, म्हणजे रजा आली. अव्वल कारकून साहेब भला माणूस, पण रजेचं नाव काढलं की त्यांचा चष्मा धुरकट व्हायचा.

"कारण?"

"वैद्यकीय, साहेब."

"काय होतंय?"

कचेरीतली सगळी पेनं थांबली. सोमेश्वर हळूच म्हणाला, "डोक्याचं आहे."

"डोक्याचं म्हणजे? मनाचं का?"

आता केस म्हणावं तर आयुष्यभराची थट्टा. मनाचं म्हणावं तर चार दिवसांची कीव. सोमेश्वरनं मान हलवली. तेव्हापासून कचेरीत त्याच्याशी सगळे लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले, त्याच्या टेबलावरची कात्री हलवली गेली, पण रजा मिळाली नाही. साहेब म्हणाले, "कामात मन रमतं. घरी बसून उलट वाढेल."

घरीही सांगणं भागच होतं. सोमेश्वर आईला म्हणाला, "पुण्याला एक छोटं ऑपरेशन आहे, केसांचं." अक्काबाईंनी एवढंच ऐकलं आणि देवघरात गेल्या. डोंगराच्या पोटाशी धनगरवस्तीजवळ त्यांचा कुळाचा भैरवनाथ. त्याला त्यांनी तिथूनच हात जोडले, "देवा, माझ्या सोम्याचं ऑपरेशन नीट पार पडू दे. डोस्क्यावर केस उगवू दे. पैलं जावळ तुझ्या पायाशी वाहीन."

झालं. संध्याकाळी ओट्यावर भागूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा हात हवेतच राहिला. "अगं अक्का, काय बोलून बसलीस? म्हंजी केस आलं की पैला वस्तरा?"

सोमेश्वरच्या हातातला चहा सांडला. पुण्याला जाऊन लावायचे, वर्षभर जपायचे आणि उगवले की भैरवनाथाच्या न्हाव्यापुढं बसायचं!

तेव्हा रायबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. रायबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात अजून बसल्या जागी सरका, आत चला असंच बोलायचे. माणूस कडक. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी तिकिटाविना खाली उतरवलेलं, त्यामुळे सासुरवाडीचं कोणी त्यांच्याविषयी बरं बोलत नव्हतं. ते म्हणाले, "ह्यात नवस येतोच कुठं? मागच्या डेपोतनं केस उचलायचं आनि पुढच्या डेपोला द्यायचं. ही बदली झाली. जावळ म्हंजी नवी भरती. बदलीला पेढं न्हाईत आनि जावळबी न्हाई."

"देव काय तुमचा डेपो मॅनेजर हाय व्हय?" भागूबाई उसळल्या. "उगवू दे म्हनली हाय ती. उगवलं म्हंजी उगवलं. कुठनं आनलं ते देव इचारत न्हाई."

"मग मागचं जे कमी झालं त्याची भरपाई देव देनार का?"

आळीत दोन तट पडले. बदलीवाले आणि भरतीवाले. दुधवाला बदलीवाल्यांत गेला म्हणून भागूबाईंनी दोन दिवस दूध बंद केलं. सोमेश्वर मधे उभा, ज्याचं डोकं त्यालाच मत नाही. शेवटी दार लोटून, घरातल्या घरात तोड काढली अक्काबाईंनीच. "ते डॉक्टर डोस्कं बारीक करनारच हायेत ना? तितं कापून केरात टाकनार. त्यापरीस आदीच देवाला वाहू. देवाचंबी फिटलं, डागदरचंबी काम हलकं झालं."

इतकी व्यवहारी भक्ती मी तरी पाहिली नाही. रायबांनीसुद्धा मान डोलावली. ॲडव्हान्स बुकिंग त्यांना पटण्यासारखंच होतं.

पौषातली थंडी होती. मायलेक सकाळी भैरवनाथाला गेले. देवळाबाहेर सोमनाथ न्हावी वस्तरा घेऊन उन्हाला बसलेले. सोमेश्वरनं टोपी काढून कट्ट्यावर ठेवली, त्यांच्यापुढं मांडी घातली आणि डोळे मिटले. ह्या खेपेला पंखा नव्हता. खरंच मिटले. पाण्याचा गार हात डोक्यावर फिरला आणि त्याला उगाच भरून आलं. आपण लहान होतो तेव्हाही असंच आईनं आणलं असेल, असाच रडलो असू. डोळ्यांतून दोन थेंब आले. सोमनाथनी ते पाहिले. तरणाताठा माणूस, तोंड उतरलेलं, सगळं डोकं करायला बसलाय, बरोबर म्हातारी देवळात डोकं टेकून बसलीय, तिच्या कपाळी कुंकू आहे की नाही ते दिसत नाही. अशा वेळी माणसाला प्रश्न विचारायचे नसतात. सोमनाथनी हलक्या हातानं सगळं डोकं केलं, आणि मग तितक्याच हलक्या हातानं मिशीही काढली.

सोमेश्वरनं डोळे उघडले तेव्हा ओठावर वारा लागला.

"अहो, मिशी?"

"दादा, ती ठेवत न्हाईत," सोमनाथ मायेनं म्हणाले. "येती परत. धीर धरा."

टोपी घ्यावी म्हणून तो वळला तर कट्ट्यावर टोपी नाही. वस्तीवरची एक शेळी टोपी तोंडात धरून बांधावर उभी होती. सोमेश्वर मागं लागला, शेळी वर चढली. शेवटी अर्धी टोपी मिळाली. शेळीनं उरलेली गिळली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरी आहे का?

आईला त्यानं भोरला परतायला नसरापूरकडच्या एसटीत बसवून दिलं आणि स्वतः हेल्मेट घालून वेल्ह्याला गेला. म्हटलं, आता डोकं केलंच आहे, तर रजेचं एकदा शेवटचं विचारून बघू. कचेरीत शिरून त्यानं हेल्मेट काढलं. सगळी कचेरी उठून उभी राहिली.

आता विचार करा. आपल्याकडे जाणता पुरुष डोकं आणि मिशी काढून, डोळे लाल करून समोर आला, तर कोण विचारतं काय झालं म्हणून? बाप गेला, असंच धरतात. अव्वल कारकून साहेब खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी सोमेश्वरचा हात हातात घेतला.

"किती दिवस लागतील?"

"दहा तरी लागतील, साहेब."

"दहाच कशाला? तेरा घे. चौदाव्या दिवशी सावकाश ये. अर्ज मी लिहून घेतो. तू नीघ. तुझी घरी गरज आहे."

ज्या साहेबांनी महिनाभर चष्मा धुरकट केला, ते पाठीवरून हात फिरवतात? सोमेश्वरला वाटलं, भैरवनाथ पावला. जावळ पोचायच्या आत पावती! डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "उपकार झाले, साहेब." आणि त्याच्या पाठीमागं टंकलेखिका सोनिया मॅडमनी पदर डोळ्याला लावला आणि मोबाईल काढला.

सुपारीच्या दिवशीचा फोटो कचेरीतल्या सगळ्यांकडे होताच. त्यातून रायबा तेवढे कापून घेतले गेले. फेटा बांधलेले रायबा, दोन्ही बाजूंना समया, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. ते चित्र वेल्ह्याहून निघालं ते भोंगवलीला पोचलं, तिथून भोरच्या भजनी मंडळात आलं, आणि सोमेश्वर अजून चेलाडीच्या फाट्यावर वडापाव खात होता.

इथं आपला पूर्वरंग संपला. आता जरा सावरून बसा.

सोमेश्वर आळीत शिरला तेव्हा दारात माणसं. पांढऱ्या टोप्यांची रांग. भजनी मंडळ टाळ धरून खालमानेनं उभं, टेम्पोतून भोंगवलीची माणसं उतरलेली, त्यात सर्जेराव, डोळे सुजलेले, आणि त्यांच्यामागं गायत्री. घराला कुलूप. अक्काबाईंची एसटी यायची होती. रायबा रोजच्यासारखे दुपारचे स्टँडवर जाऊन बसलेले, हे फक्त घरच्यांना ठाऊक. लोक आपसात म्हणत होते, रायबांना दवाखान्यातून आणतायत वाटतं.

सोमेश्वरनं हेल्मेट काढलं. गर्दीतून एक हुंदका उठला.

आणि त्या क्षणी, ऐका हं, त्याला स्वतःलाच पटलं. आबा गेले. माणसं जमलीत, टाळ थांबलेत, आणि आपलं डोकं तर देवानं आधीच करवून घेतलंय. न्हावी म्हणाला होता धीर धरा. साहेब म्हणाले होते घरी गरज आहे. सगळ्या जगाला ठाऊक होतं, मलाच नव्हतं! रस्त्यातच बसून त्यानं हंबरडा फोडला, "आबा!"

आता कोणाच्या मनात शंका असती तरी उरली नसती. प्रशिकनं त्याला धरलं. सर्जेराव पुढं झाले. त्यांनी रडत रडतच दोन शब्द बोलायला सुरुवात केली, कारण त्यांना रडताना बोलता येतं. कीर्तन ऐकणाऱ्याला ती सवय असते.

"मंडळी, ह्यो मानूस तुमी कडक म्हनून वळखता. म्या येगळाच वळखतो. आमी तरनी पोरं व्हतो. भोरला कीर्तन ऐकायला यायचो, आनि शेवटची गाडी गाठायची म्हनून रंगात आलेलं कीर्तन सोडून पळायचो. एक दिवस गाडी हाय की उभी! दुसऱ्या दिवशीबी उभी. कंडक्टर खिडकीत कान देऊन बसलेला. डायवर म्हनला, रायबा, टाइम झाला. तर म्हनले, इंजिन गार हाय. आरती झाल्याबिगर ह्या मानसानं डबल बेल दिली न्हाई!"

गर्दी हेलावली. मग तोंडं उघडली. भागूबाई म्हणाल्या, माझ्या बाळंतपणाला गाडी थेट दवाखान्याच्या दारात आणली, मार्ग सोडून. दुधवाला म्हणाला, शाळेत असताना पास हरवला तर रोज स्वतःच्या खिशातलं तिकीट फाडायचे आणि वर दमही भरायचे.

गर्दीच्या मागच्या टोकाला, माकडटोपी नाकापर्यंत ओढलेला एक म्हातारा केव्हाचा येऊन उभा होता. हातात मेथीची पिशवी. पायातल्या चपला त्यानं रीतीनं काढून ठेवल्या होत्या. त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं?"

"रायबा."

"कंचं रायबा?"

"एसटीतले हो. फार मोठा माणूस."

म्हातारा पिशवी सावरून उभा राहिला. एकेकाचं बोलणं मान कलती करून ऐकत राहिला. मेव्हण्याचा चुलतभाऊ पुढं येऊन म्हणाला, आम्ही उगाच राग धरला, तिकीट काढायलाच हवं होतं. तेव्हा म्हाताऱ्यानं माकडटोपीच्या आत नाक ओढलं. सगळे बोलून झाले. मागून आवाज आला, "आनि कुनाला काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

तो आवाज! सरका, आत चला, सुट्टे काढा! सगळी आळी गर्रकन वळली. रायबांनी माकडटोपी काढली.

भागूबाई जागच्या जागी खाली बसल्या. एका टाळकऱ्याच्या हातातले टाळ पडले. सोमेश्वर धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडला, आणि रायबा त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत म्हणाले, "ते असू दे. आदी हे सांग, म्या जित्ता हाय तर तुझी मिशी कशी गेली?"

आणि इथं भोंगवलीच्या माणसांच्या ध्यानात आलं. बाप हयात, मग पोरानं डोकं का केलं? पन्नास माणसं कामं टाकून आलेली, ती आता उत्तरासाठी थांबली. सर्जेराव बघतायत, गायत्री बघतेय. सोमेश्वरपुढं दोनच वाटा होत्या: बाप मेलाय म्हणावं, नाहीतर खरं बोलावं. पहिलीविरुद्धचा पुरावा मेथी घेऊन समोर उभा होता.

"केसांसाठी," तो म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर सगळंच आलं. कपाळ, कांद्याचा रस, पुण्याची डॉक्टर, आईचा नवस. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "आणि टोपी... टोपी त्यासाठीच घातली होती."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. रागानं नव्हे. "म्हंजी," ते हळूच म्हणाले, "ती देवाची न्हवती?"

हा एक प्रश्न सोमेश्वरला सगळ्या आळीच्या हसण्यापेक्षा जड गेला. "पहिल्या दिवशी नव्हती, मामा," तो म्हणाला. "टोपी घातली म्हणून देवळात बसावं लागलं. बसलो म्हणून टाळ हातात आला. आता घरी बसलो तर करमत नाही. पण सुरुवात खोटी होती."

सर्जेरावांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. "अरं, आमी तरी पैल्यांदा कीर्तन ऐकाया कुठं गेलो व्हतो? प्रसादाला बुंदी असायची!"

तेवढ्यात एसटीतून उतरून अक्काबाई आल्या, कपाळभर कुंकू, हातात अंगारा, तोंडभर हसू. "एवढी मानसं कशापायी जमली? नवस फिटला म्हनून व्हय?"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. फक्त गायत्री हसत नव्हती. ती सोमेश्वरजवळ आली आणि तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोक्याकडे नीट, शांतपणे पाहून घेतलं, शिक्षिका वही तपासते तसं.

"टोपी कुठाय?"

"शेळीनं खाल्ली."

तिनं ओठ आवळून धरले, पण नाकातून हसू आलंच. मग ती म्हणाली, "केस लावायचे का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. डोकं तुमचं आहे, डॉक्टरचं ऐका. पण आमच्या आप्पांनी हात जोडलेत त्या टोपीला. ती आता कीर्तनातच घालायची. बाहेर उघडं डोकं. आणि माझ्याशी बोलताना ते हेल्मेट काढायचं."

"आणि लग्न?"

"माझ्या सासऱ्यांचं सुतक नाही ना? मग वैशाखातच."

सोमेश्वर पुण्याला गेला नाही. डॉक्टर शेफालींचं औषध तेवढं नेमानं लावतो. काउंटरवरच्या मुलीचा फोन अजून येतो, तो म्हणतो, विचार चालू आहे. खरा घोळ कचेरीत झाला. साहेबांनी रजा मंजूर केली होती ती पितृनिधनाची, आणि ते म्हणाले, एकदा मंजूर केलेलं निधन मला तोंडी रद्द करता येत नाही, हयातीचा पुरावा आणा. तेव्हा रायबा स्वतः एसटीनं वेल्ह्याला गेले, साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हितं पुरावा उभा हाय. कुठं सही करू?" साहेबांनी खुर्ची दिली. रायबांनी विचारलं, "तुमीबी काय बोलनार व्हता का माझ्याविषयी?" साहेबांनी खरोखरच भाषण लिहून ठेवलं होतं. ते वाचून दाखवावं लागलं.

लग्न झालं. फेटा उघड्या डोक्यावर बांधला, सर्जेरावांनी स्वतः. रायबा हल्ली थोडे मऊ झालेत. मेव्हण्याकडे जेवून आले. संध्याकाळी ओट्यावर बसले की जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हणतात, "त्या दिवशी तू काय म्हनला व्हतास रं? पुन्ना एकदा सांग. नीट आइकाया आलं न्हाई." आणि लोक सांगतात.

बुवा आले वाटतं, टाळांचा आवाज झाला. तर एक मागणं मागतो आणि सरकून बसतो. आज कीर्तन रंगात आलं, आणि घरी जायची घाई तुमच्या पायात शिरली, तर आरती होईपर्यंत उठू नका. आणि खिडकीला कान देऊन, इंजिन गार आहे म्हणणाऱ्या आमच्या रायबांची आठवण काढा. ते हयात आहेत, खणखणीत आहेत. म्हणूनच काढा.